कापड्याच्या खोलीला महाबळेश्वरची हवा

बहिणीच्या कापडे गावात बांधायच्या घराला मी कॉम्प्युटरवर महाबळेश्वरची हवा लावली, आणि त्या हिशेबावर दाजींची खोली पश्चिमेला काढायला लावली.

पोलादपूर तालुक्यातल्या कुणालाही एवढं सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो, मग वर घाटाकडे बघतो आणि मग विषय बदलतो. कापडे खाली खोऱ्यात, भातशेतीचं गाव. महाबळेश्वर त्याच्या डोक्यावर. नकाशावर दोघांत बोटाचं एक पेरसुद्धा मावत नाही. पण मधे आंबेनळीचा घाट आहे. वर लोक मे महिन्यात शाल पांघरून मक्याचं कणीस खातात, आणि त्याच दुपारी खाली कुत्री ओढ्याच्या वाळूत खड्डा करून जीभ काढून पडतात. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. लहानपणापासून मी त्या घाटात एसटीच्या खिडकीतून ओकत गेलोय. एकेक वळण माझ्या पोटाला पाठ आहे. पण कॉम्प्युटरला गाडी लागत नाही. त्यानं कापडे शोधलं, सापडलं नाही, आणि मला विचारलं, जवळचं ठिकाण घेऊ का? मी 'हो' वर बोट ठेवलं.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चिलर सांभाळतो. म्हणजे टाक्यांमधला माल गार ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रांची देखभाल. हे काम मला जमतं, कारण टाकी बोलत नाही. ठरलेल्या आकड्याला ती गार असली की झालं. एका मोकळ्या काळात मी घरबसल्या एक ऑनलाइन कोर्स केला: घर गार ठेवायला आणि उबदार ठेवायला वर्षभरात किती वीज लागेल, ते घर बांधण्याआधीच कसं काढायचं. घराचा नकाशा भरायचा, भिंतींची जाडी, छप्पर, खिडक्या, राहणारी माणसं भरायची, गावची वर्षभराची हवा जोडायची. मग तो प्रोग्रॅम रंगीत आलेख काढून देतो. कोर्सचं सर्टिफिकेट आलं तेव्हा बायकोनं ते भिंतीवर लावू दिलं नाही, म्हणून मी ते लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून लावलं. शर्ट काढताना दिसतं.

ताईला या सर्टिफिकेटचं भारी कौतुक. आमच्या घरात दगडी भिंतीकडे बघून तिच्यातून ऊन किती आत येईल ते सांगणारा मी पहिलाच. आणि तिला गरजही होती. दाजींना दमा आहे. वसाहतीतच दुसऱ्या एका कारखान्यात ते शिफ्टला होते, आता घरी असतात, झेपेल तेवढी शेती बघतात. थंडीत त्यांचं बरं चालतं. पण उन्हाळ्याच्या दुपारी हवा अडली की ते खाटेच्या कडेला बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात, आणि ताई काहीही काम करत असली तरी तिचा एक कान त्यांच्या श्वासाकडे असतो. जुन्या घरी निभत होतं. डोंगराच्या पायथ्याला, फणसाच्या सावलीत, कौलाखाली ते दुपारी तासभर पडायचे. पण तळीयेची दरड कोसळल्यापासून डोंगराकडे पाठ करून झोपायची कुणाची छाती राहिली नव्हती. वाडीतली घरं एकेक करून खाली शेताच्या कडेला सरकत होती. ताईनंही बांधाजवळ जागा धरली. डोंगर लांब, रस्ता जवळ, आणि सावलीला एक झुडूप नाही.

"बाकी घर कसं पण होऊ दे," ताई मला म्हणाली. "यांना दुपारी पडायला एक खोली पायजे. जिथं श्वास घेता येल अशी. तू शिकलास ना ते, मग काढ."

मी काढलं. आलेख आला तो जवळजवळ सगळा निळा. गार ठेवायला वीज नावालाच. उबदार ठेवायला मात्र बरीच, डिसेंबर-जानेवारीत तर हीटर लावा म्हणून सांगत होता. मी चक्रावलो. कापड्यात हीटर? पण छापील गोष्टीचा एक दरारा असतो. मी स्वतःची समजूत घातली की आपल्याला वाटतं तेवढं खाली उकडत नसणार. आपल्याला उकडतं असं म्हणायची सवय लागलीय. विज्ञान सवयीवर चालत नाही, असं मी बायकोलाही सांगितलं. ती तेव्हा ओल्या टॉवेलनं मान पुसत होती.

मग मी कागद घेऊन बांधावर गेलो आणि हुकूम सोडले. दाजींची खोली पश्चिमेला. दुपारचं ऊन थेट आत यावं म्हणून त्या भिंतीत मोठी खिडकी. वर उघडा स्लॅब, म्हणजे दिवसभराची ऊब साठून रात्री पुरेल.

गवंडी म्हणाला, "सायेब, पश्चिमेला येवढी खिडकी नको. पावसाची झड सरळ खाटेवर येल."

"झडीला काच लावू."

"मग लावा," तो म्हणाला. उन्हाचं त्याच्याही डोक्यात आलं नाही. पुढे त्यानं स्वतःच सांगितलं की त्याच्या घरी पण तशीच खिडकी आहे आणि त्याची बायको त्यावरून त्याला रोज बोलते.

दाजी पायरीच्या दगडावर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे उबदार राहील म्हणतोस?"

"राहील. हिवाळ्यात हीटर लागणार नाही."

"हिटर कुणाला लागतो?"

"तुम्हाला. कागदावर."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मेव्हण्याचं मन मोडू नये म्हणून माणूस काय काय कबूल करतो, ते मला तेव्हा कळलं नाही.

घर झालं. थंडीत गृहप्रवेशाची वंदना झाली, सगळी वाडी जेवून गेली. त्या दिवशी दुपारी दाजींच्या खाटेवर उबदार ऊन पडलं होतं आणि ते त्यात पाय पसरून बसले होते. येणारा प्रत्येक जण त्या खोलीत डोकावून "बरी झाली खोली" म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी मी दारात उभा असायचो, योगायोगानं. एका म्हातारबाबांना मी आलेख पण दाखवला. ते म्हणाले, "रंग चांगला हाय."

शिमगा झाला आणि ताईचा फोन आला.

"अरे, तुझी खोली यांना आत घेईना."

"म्हणजे?"

"म्हंजे जेवून आत जातात नि बाहेर येतात. आता रस्त्यावरच्या एसटीच्या शेडमधे जाऊन बसतात. लोक विचारतात, कुठं निघालात? हे म्हणतात, कुठं नाय."

रविवारी मी गेलो. खोलीत शिरलो तर भाकरी भाजायच्या तव्यावर कुणीतरी तोंड धरावं तसं झालं. खिडकीतून ऊन आत येऊन खाटेवर आडवं पडलं होतं, अगदी मी काढलेल्या रेषेवर. हिशेब चुकला असता तर मला बरं वाटलं असतं. ऊन बिचारं सांगितलेल्या जागी आलं होतं. छत तापलंय हे बघायला स्टुलावर चढून हात लावायची गरज नव्हती, नुसतं उभं राहिलं तरी ते डोक्यावर कळत होतं.

दाजी शेडमध्ये होते. बाकड्याच्या टोकाला, हात गुडघ्यांवर. मला पाहून बाजूला सरकले. त्यांचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा, बारीक. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी लॅपटॉप उघडला. माझा हिशेब बरोबर आहे, घर चुकीचं वागतंय, अशा काहीशा अर्थाचं मी बोलू लागलो.

दाजींनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्ये म्हाबळेश्वर कशाला हाय हितं?"

तेवढ्यात समोरून पोलादपूरची गाडी आली. कंडक्टरनं आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, "यायचंय?" मला खरंच जावंसं वाटलं.

चूक सापडली की पुढचं सोपं असतं, असा माझा समज होता. महाबळेश्वरची हवा काढायची, कापड्याची लावायची. पण कापड्याची हवा कुणी नोंदवूनच ठेवलेली नाही. महाडचीही त्या यादीत नव्हती. एका बाजूला समुद्रकाठच्या शहराची होती, दुसऱ्या बाजूला पुण्याची. मी दोन्ही लावून पाहिल्या आणि मला दोन बहिणी, दोन दाजी आणि दोन घरं मिळाली. पुण्याच्या हवेतलं घर म्हणालं, हवा कोरडी आहे, पाण्याचा कूलर आणा. समुद्राच्या हवेतलं घर म्हणालं, हवा आधीच दमट आहे, कूलर आणलात तर माणूस गुदमरेल. आमच्याकडे समुद्राची झुळूक येते, पण ती सावित्रीच्या पात्रातून चालत येते आणि वाटेत दमते. आणि पुण्याची कोरडी हवा सह्याद्री उतरून आमच्यापर्यंत कशी पोचते, हे तिचं तिला ठाऊक. मी दोन्ही हवा निम्म्या-निम्म्या मिसळल्या. कालवणात तिखट जास्त झालं की आपण करतो तसं. त्यातून आलेल्या घराला कूलर हवाही होता आणि नकोही होता.

एसीचं विचारलं असतं तर प्रोग्रॅमनं झटकन सांगितलं असतं. पण कापड्यात दुपारी वीज जाते ती कुणाला न विचारता जाते. एसीच्या भरवशावर दाजींचा श्वास ठेवायला ताई तयार नव्हती, आणि मीही नव्हतो.

मग प्रोग्रॅमला माणसांची माहिती हवी होती. मी ताईला फोन लावला.

"दुपारी घरात किती माणसं असतात?"

"कधीच्या दुपारी?"

"रोजच्या."

"रोजच्या कशी सांगू? आज आम्ही दोघं. काल पोलादपूरची आत्या होती. मे महिन्यात मुंबईवाले आले की मोजता येत नाय, कोण कुठं झोपतं ते पण कळत नाय."

"बरं, घराचं दार किती वेळ उघडं असतं?"

"दार बंद कशाला करू? आम्ही घरात हाय ना?"

मी दार दिवसभर उघडं म्हणून भरलं. प्रोग्रॅम बराच वेळ फिरत राहिला. शेवटी त्यानं जो आकडा दिला तो पाहून मला वाटलं, तो घर सोडून सगळा पोलादपूर तालुका गार करायला निघालाय. दार बंद केलं की आकडा शहाण्यासारखा यायचा, पण मग ते ताईचं घर राहायचं नाही. मी हे असं दार उघड-बंद करत बसलो होतो, आणि तिकडे दाजी रोज जेवून शेडमध्ये जात होते. ताईनं त्यांच्यासाठी तिथं एक उशी नेऊन ठेवली होती.

त्याच प्रोग्रॅममध्ये छपराच्या सामानाची यादी होती. पत्रा, कौल, काँक्रीट, आणि सर्वांत खाली गवत. मी सहज गवत निवडलं, हातभर जाडीचं, स्लॅबच्या वर. आलेखातला खोलीचा लाल रंग एकदम उतरला. पुण्याच्या हवेत उतरला, समुद्राच्या हवेत उतरला, मिसळलेल्या हवेतही उतरला. इतक्या दिवसांत तीन हवा पहिल्यांदाच एका गोष्टीवर सहमत झाल्या होत्या. आणि ताईच्या अंगणाशेजारी भाताच्या पेंढ्याची अख्खी उडवी रचून उभी होती.

पुढच्या रविवारी शेजारचे दोन भाऊ मदतीला घेतले आणि आम्ही पेंढा वर चढवला. ताई खालून बघत म्हणाली, "ठेव तुला ठेवायचा तर. पण विडी ओढणाऱ्याला वर जाऊ देऊ नको." दुपारी मी खोलीत गेलो. छत खरंच निवलं होतं. मी बाहेर येऊन जाहीर केलं की प्रश्न सुटला. दाजी शेडमधून आले, आत जाऊन पडले. ताईनं मला चहा दिला, साखर जास्त घालून.

चहा संपायच्या आत आतून खोकला ऐकू आला.

पेंढ्याची धूळ. वाऱ्यानं ती कडेकडेनं खाली येत होती आणि माझ्या त्या भल्यामोठ्या खिडकीतून आत जात होती. दाजी उठून बसले, हात गुडघ्यांवर गेले, पण या वेळी हात टेकूनही भागेना. ताई दम्याचा पंप घेऊन धावली. मी मधे उभा होतो, कुणाच्या तरी वाटेत. प्रोग्रॅममध्ये पेंढ्याची जाडी होती, वजन होतं, त्यातून किती ऊन झिरपतं ते होतं. खोकला नव्हता. दाजींना धरून आम्ही शेजारच्या पडवीत नेलं, आणि तिथं श्वास बसला. मग मी आणि ते दोघे भाऊ वर गेलो आणि तोंडाला फडकी बांधून, पाणी शिंपडत सगळा पेंढा मागच्या बाजूला उतरवला. मी निघताना ताई म्हणाली, "तू आता तुझी टाकी बघ." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती दमली होती.

पण वाडी ती वाडी. ज्याला त्याला वाटू लागलं की या खोलीचं आपणच काहीतरी करू शकतो. एक म्हणाला, स्लॅबला चुना मारा. दुसरा म्हणाला, रोज दुपारी पाणी मारा, त्यावर ताई म्हणाली, "हंडाभर प्यायला मिळत नाय, स्लॅबला कुठनं पाजू?" गवंडी म्हणाला, खिडकीवर पावसाळ्यात बांधतात तशी तट्ट्याच्या आडोशाची झड आत्ताच बांधा. मी प्रोग्रॅम उघडून म्हणालो, कलमांच्या नर्सरीवर असते ती हिरवी जाळी बांबूंवर ताणून स्लॅबच्या वर धरायची. यावर बरीच चर्चा झाली. मी म्हटलं, आपण एकेक उपाय करून मोजू, म्हणजे कशानं फरक पडतो ते कळेल.

ताई म्हणाली, "एकेक करशील तवर आषाढ येल. सगळं कर एकदम."

सगळं एकदम केलं. चुना, जाळी, झड. त्यात कुणीतरी मागच्या भिंतीतला, ऊब निघून जाईल म्हणून मी बांधतानाच बुजवायला लावलेला झरोका परत फोडला. कुणी फोडला ते आजतागायत मला कळलेलं नाही.

आठवड्यानं मी गेलो तेव्हा ताई ओटीवर चिंच फोडत बसली होती. शेडमधली उशी तिच्या शेजारी होती, धुऊन वाळत घातलेली. मी दाजींची चौकशी करणार एवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या दाराकडे मान केली.

मी थर्मामीटर काढून आत गेलो. खोलीत झडीमुळे अंधार होता. भिंतीजवळ थर्मामीटर धरला, मग मधोमध धरला, मग उंच धरला. पारा पूर्वी होता त्याच्या जरासाच खाली. माझा विश्वास बसेना. एवढी जाळी, एवढा चुना, आणि हवा जवळपास तेवढीच? पण माझ्या डोक्यावर ते तापलेलं ओझं नव्हतं. कोर्समध्ये सांगितल्याचं आठवलं की माणसाला नुसत्या हवेचा उकाडा जाणवत नाही, तापलेल्या छताची धगही जाणवते. तेव्हा मी ते परीक्षेपुरतं लिहिलं होतं. मग छत निवलं ते चुन्यानं की जाळीनं? की त्या झरोक्यातून हलणाऱ्या वाऱ्यानंच सगळं झालं? की मी मोजत असलेली गोष्टच चुकीची होती?

आता हे सांगू शकणारा एकच माणूस त्या खोलीत होता. दाजी कुशीवर पडले होते, एक हात उशाखाली. शिट्टी नव्हती. छाती सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती. कोर्समध्ये यासाठी एक पट्टी दिली होती: फार गार, गार, जरा गार, बेताचं, जरा गरम, गरम, फार गरम. राहणाऱ्या माणसालाच विचारायचं आणि त्याचं उत्तर खरं धरायचं, असा नियम. मी खाटेशी वाकलो आणि त्यांच्या खांद्याला हात लावून हळूच विचारलं, "दाजी, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? जरा गरम, की बेताचं?"

त्यांनी एक डोळा उघडला.

"शिमग्यापास्नं आज पयल्यांदा झोप लागली व्हती," दाजी म्हणाले. "तू आलास नि ग्येली."